बर्फ नको म्हणणारा खोका: दादाच्या डोळ्यासाठी पेशी आणणाऱ्या मेडिकल कुरियरचा आमचा अनुभव

ज्यांच्या घरात कुणाचं लॅबमध्ये वाढवलेल्या पेशी डोळ्यावर लावायचं ऑपरेशन ठरलंय त्यांच्यासाठी लिहितेय, बाकीच्यांना लांबलचक वाटेल. कुरियर कंपनीचं नाव टाकत नाहीये कारण ही सर्व्हिस आपल्याला बुक करताच येत नाही, लॅब आणि हॉस्पिटल मिळून ठरवतात. पहिल्या वेळी ज्या वेगळ्या कंपनीकडून गोंधळ झाला तिचंही नाव घेणार नाही. नावापेक्षा आधी काय काय विचारून घ्यायचं ते कळलं तर जास्त उपयोग होईल, आम्हाला ते कुणीच सांगितलं नव्हतं.

आम्ही वर्सोव्याचे, मासळीचा धंदा. आई बाजारात बसते, मी तिचा हिशोब आणि ऑर्डर बघते, आणि दादा, म्हणजे माझा मोठा भाऊ, एका बर्फाच्या कारखान्यात सुपरवायझर होता. बर्फाच्या कारखान्यात थंडावा करायला अमोनिया वापरतात हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. तिथली एक लाईन लीक झाली, दादा वॉल्व्ह बंद करायला गेला आणि थेट तोंडावर फवारा आला. दोन्ही डोळ्यांत. पोरांनी पाणी मारलं पण पाचेक मिनिटंच, आणि लगेच रिक्षात घालून निघाले, त्यांना वाटलं डॉक्टरकडे लवकर पोचणं महत्त्वाचं. मॅडमनी (दादाच्या डोळ्याच्या डॉक्टर) नंतर सांगितलं की अमोनिया, चुना, सिमेंट असलं काही डोळ्यात गेलं तर तिथल्या तिथे साध्या पाण्याने निदान अर्धा तास धुवत राहायचं आणि मगच निघायचं. ॲसिड वरच्या वर जाळतं, तिथलं प्रोटीन थिजतं आणि त्याचाच थोडा आडोसा होतो, पण अल्कली चरबीचा साबण करत आत आत जाते, आणि अमोनिया तर सगळ्यात भराभर जातो. हे वाचून एकाने जरी लक्षात ठेवलं तरी मला बरं वाटेल.

आता पेशींचा विषय. आपल्या डोळ्याचा जो पारदर्शक पुढचा पडदा, कॉर्निया, त्याच्या सगळ्यात वरच्या थरातल्या पेशी सतत झडतात आणि नव्या येतात, आणि त्या नव्या पेशी येतात काळं आणि पांढरं जिथे मिळतं त्या कडेच्या बारीक गोलातून. तिथे स्टेम सेल्स असतात. ती कड जळाली की नवीन पेशी येणंच बंद, मग बाजूची पांढरी त्वचा आणि रक्तवाहिन्या कॉर्नियावर चढतात आणि सगळं धुरकट पांढरं होतं. दादाचं दोन्हीकडे तेच झालं होतं. आम्ही सगळे म्हणत होतो की कुणीतरी दान केलेला डोळा बसवा ना, तर नुसता कॉर्निया बदलून उपयोग नाही, कड मेलेली असेल तर नव्या कॉर्नियावरही काही दिवसांनी तेच चढतं. आधी वरचा थर टिकला पाहिजे, बाकीचं नंतर.

एकच डोळा जळाला असता तर गोष्ट बरीच सोपी होती. चांगल्या डोळ्याच्या कडेचा अगदी छोटा तुकडा, साधारण २ मिलिमीटरचा, काढून त्याचे आणखी बारीक तुकडे करून जळालेल्या डोळ्यावर ग्लूने चिकटवतात, लॅब नको, कुरियर नको, एकाच वेळी सगळं होतं. ही पद्धत आपल्याकडचीच, हैदराबादच्या एल व्ही प्रसाद नेत्र संस्थेतल्या डॉक्टरांनी २०१२ मध्ये मांडलेली. ज्यांच्या घरात एका डोळ्याची केस आहे त्यांनी हे आधी विचारा. दादाकडे चांगली कड उरलीच नव्हती. माझ्या डोळ्याची कड द्यायला मी तयार होते, पण दुसऱ्याच्या पेशी म्हटल्या की शरीराने त्या फेकून देऊ नयेत म्हणून बरेच दिवस भारी गोळ्या घ्याव्या लागतात आणि दादाला आधीच शुगर. म्हणून मॅडमनी तिसरा रस्ता सांगितला, गालाच्या आतल्या त्वचेचा तुकडा घेऊन त्यातल्या पेशी लॅबमध्ये वाढवायच्या आणि तो थर डोळ्यावर लावायचा. गालातलं डोळ्यात कसं चालेल म्हणून वहिनी दोन दिवस जेवली नाही. पण जपानमध्ये ओसाकाच्या डॉक्टरांनी २००४ मध्येच चार पेशंटवर हे केल्याचं छापून आलंय, आणि २०२१ मध्ये तिथे असा गालाच्या पेशींचा थर रीतसर मंजूरही झाला. आमच्याकडे मात्र हे एका संशोधनाच्या अभ्यासात, एथिक्स कमिटीच्या परवानगीने होतं, ते सह्या घेताना नीट समजावून सांगितलं.

अडचण एवढीच की पेशी वाढवणारी लॅब मुंबईत नाही, विमानाने जावं लागेल इतकी लांब. म्हणजे तुकडा इथून तिथे जाणार, दोन-अडीच आठवडे वाढणार आणि थर तिथून इथे येणार. आम्ही सगळं टेन्शन ऑपरेशनचं घेतलं, प्रवासाचा विचार कुणाच्या डोक्यातच आला नाही.

पहिल्या वेळी काय झालं ते सांगते. मे महिना होता. जाताना तुकडा व्यवस्थित गेला, तो थंड न्यायचा असतो, २ ते ८ डिग्रीत, मीडियमच्या (पेशी जिवंत ठेवणाऱ्या पाण्याच्या) छोट्या बाटलीत. येताना मात्र वाढवलेला थर थंड चालत नाही, आमच्या लॅबचा नियम १८ ते २५ डिग्री, म्हणजे चांगल्या एसी खोलीत असतं तेवढं. खोका कार्गोमधून बुक झालेला, आणि मधे कुठेतरी गोडाऊनमध्ये कुणीतरी चांगल्या मनानेच तो उचलून कोल्ड रूममध्ये ठेवला. औषध आहे, उन्हाळा आहे, थंडीत राहू दे. हॉस्पिटलमध्ये खोका उघडला तर तापमान नोंदवणाऱ्या लॉगरवर तीन तास ५ डिग्री. लॅबने फोनवरच सांगितलं, लावू नका. पेशी मेल्या असतील किंवा नसतीलही, पण असा थर पेशंटच्या डोळ्यावर ठेवत नाहीत. दादा तोवर उपाशीपोटी, हाताला सुई लावून स्ट्रेचरवर पडलेला, आणि मॅडम बाहेर आल्या त्या मास्क खाली करून. त्यांच्या तोंडाकडे बघूनच कळलं.

मला त्या माणसाचा राग नाही येत, खरंच. मी त्याच्या जागी असते तर मीही तेच केलं असतं. आमच्या घरात लहानपणापासून एकच माहीत, बर्फ मारला की माल टिकतो, पहाटे जाळ्यातून आलेली सुरमई असो नाहीतर कोळंबी, बर्फ कमी पडला की धंदा बसला. दान केलेला कॉर्नियाही थंडच ठेवतात, २ ते ८ डिग्रीत, साध्या मीडियममध्ये ४ दिवस आणि चांगल्या मीडियममध्ये १४ दिवसांपर्यंत टिकतो, त्यामुळे हॉस्पिटलवाल्यांच्या डोक्यातही डोळा म्हणजे थंड पेटी असंच बसलेलं असतं. पण वाढवलेला थर हा जिवंत, खातापिता असतो. थंडीत पेशींचे मीठ-पाणी आतबाहेर करणारे पंप मंद होतात आणि पेशी फुगतात. जपानच्या त्या पद्धतीत तर थर ज्या प्लेटवर वाढवतात तिची खुबीच अशी की ३७ डिग्रीला पेशी तिला घट्ट धरून बसतात आणि २० डिग्रीपर्यंत गार केलं की आपोआप सुटतात. आमच्या लॅबची पद्धत वेगळी होती, बाळंतपणात बाळाभोवती जो पातळ पडदा असतो त्यावर वाढवलेला थर, पण थंडीचं पथ्य तेवढंच कडक. आणि उष्णताही नको, गरम झालं की पेशी भराभर खातात, मीडियम आंबट होतं आणि त्याचा गुलाबी रंग पिवळा पडायला लागतो. इटलीत मोडेना इथे डोळ्याच्या कडेच्या पेशींचा असाच थर बनतो, २०१५ मध्ये युरोपात मंजूर झालेला, तोही १५ ते २५ डिग्रीत ठेवायचा, फ्रिजमध्ये घालायचा नाही आणि त्याला आयुष्य फक्त ३६ तासांचं. आमच्या लॅबने तर २४ च तास दिले होते.

दुसरी सगळ्यात वाईट गोष्ट म्हणजे लॅबने दोन थर वाढवले होते, एक लावायला आणि एक जास्तीचा, आणि ते दोन्ही एकाच खोक्यात घातले होते. दोन्ही गेले. दादाचा गाल भरून यायची वाट बघायची, परत तुकडा, परत ते सगळे दिवस. ह्या काळात दादा कुणाशी बोलत नव्हता, फक्त रेडिओ.

दुसऱ्या वेळी मॅडमनी भांडून लॅबला कंपनी बदलायला लावली, आणि हा रिव्ह्यू खरं तर ह्या दुसऱ्या कंपनीचा आहे. ह्यांच्यात खोका कार्गोत जातच नाही. एक माणूस लॅबमधून खोका हातात घेतो आणि ऑपरेशन थिएटरच्या दारात सही घेऊनच सोडतो, मधे तो कुणाच्याही ताब्यात जात नाही. विमानातही त्याच्या पायाशी. जुलैत आमची तारीख आली. आदल्या दिवशी त्या मुलाचा फोन आला मला, मराठीत, नगरकडचा असावा बोलण्यावरून, ताई उद्या मी आणतोय, तुम्ही मला फोन करू नका, मीच प्रत्येक टप्प्याला मेसेज टाकतो. हे एक वाक्य ऐकूनच मला जरा झोप लागली.

खोक्याबद्दल सांगते कारण नंतर त्याने मला तो उघडून दाखवला. बाहेरून साधा, आपल्या मासळीच्या थर्माकोलच्या खोक्यापेक्षा लहान, पण भिंती निर्वात पॅनेलच्या, थर्मासचं तत्त्व. आत बर्फ नाही, जेलच्या थंड पिशव्या नाहीत, त्याजागी एका मेणासारख्या पदार्थाच्या चपट्या पाट्या, जो पदार्थ साधारण २२ डिग्रीला वितळतो. बाहेर उकडायला लागलं की तो वितळत वितळत उष्णता पिऊन घेतो आणि गार झालं की गोठत गोठत परत देतो, त्यामुळे आतला पारा २२ च्या आसपासच घुटमळतो. म्हणजे काम बर्फाचंच, फक्त बर्फ शून्याला वितळतो आणि हा २२ ला. मी हे घरी आईला सांगितलं तेव्हा तिला पहिल्यांदा सगळं पटलं, तोवर ती म्हणत होती की बर्फाशिवाय कसं आणतील, पोरं चुकतील परत. पाट्यांच्या मधे थराची कुपी, कुपी आडवी होऊ नये म्हणून खाचेत बसवलेली, कारण मीडियममध्ये बुडबुडा फिरला तरी थर सुरकुततो. वर लॉगर, स्क्रीनवर आत्ताचं, सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त तापमान. आणि झाकणावर मोठ्या अक्षरात तीन भाषांत, मराठीतही, फ्रिजमध्ये ठेवू नका. पहिल्या खोक्यावर हे फक्त इंग्रजीत बारीक टायपात होतं. माझ्या मते सगळा फरक तिथेच पडला.

त्या दिवशी सकाळी ९ ला पॅकिंगचा मेसेज. ऑपरेशन संध्याकाळी ६ ला. विमान दीड तास लेट आणि इकडे मुंबईत सकाळपासून धो धो. हिंदमाताला पाणी, अंधेरी सबवे बंद, एस व्ही रोडवर गाड्या जागच्या जागी. हॉस्पिटल दादरच्या बाजूला. कंपनीची एसी गाडी एअरपोर्टला उभी होती पण त्या मुलाने उतरल्यावर गाडीवाल्याला परत पाठवलं आणि खोका घेऊन सरळ खाली मेट्रोत उतरला. अॅक्वा लाईन एअरपोर्टवरून दादरला येते, सगळी जमिनीखालून, आत एसी, आणि तेव्हा ती आचार्य अत्रे चौकापर्यंतच सुरू होती पण आम्हाला तेवढीच हवी होती. तो नंतर म्हणाला की पावसाळ्याचा प्लॅन बी त्यांचा आधीच लिहिलेला असतो, मेट्रो नाहीतर लोकल, आणि गाडीत तीन तास अडकण्यापेक्षा मेट्रोत खोक्याला धक्केही कमी बसतात. मेट्रोच्या दारातही बॅग स्कॅनरमधून घालायला सांगतात, तसंच एअरपोर्टलाही, पण लॅबने पेशींना एक्स-रे नको असं पत्र दिलेलं होतं, एअरपोर्टवर सीआयएसएफवाल्यांनी बाजूला घेऊन हाताने तपासलं आणि मेट्रोत पाचेक मिनिटं वरच्या साहेबाला बोलवण्यात गेली. मी तिकडे नव्हते, पण मेसेज येत होते, "सिक्युरिटी झाली २१.८", "मेट्रोत बसलो २२.१", असे, नुसता टप्पा आणि आकडा. वहिनी ते आकडे दादाला वाचून दाखवत होती.

दादर स्टेशनपासून हॉस्पिटलपर्यंत तो चालत आला. स्वतः नखशिखांत भिजलेला, छत्री खोक्यावर. आईने टॉवेल पुढे केला तर म्हणाला मावशी आधी सही. सिस्टरनी लॉगर कॉम्प्युटरला लावून सगळा आलेख काढला, सगळ्यात कमी २०.१ आणि सगळ्यात जास्त २३.४, मीडियमचा रंग गुलाबी. मॅडमनी कागदावर ठीक लिहिलं आणि दादाला आत घेतलं. तो मुलगा मग बाकड्यावर बसून आमच्या डब्यातली भाकरी आणि सुकट जेवला, ऑपरेशन सुरू झाल्याचं कळेपर्यंत गेला नाही. कंपनीचा तसा नियम आहे म्हणे, थर लावेपर्यंत काही अडचण आली तर माणूस जागेवर पाहिजे.

आता काय आवडलं नाही तेही लिहिते. विमान लेट झालं त्या दीड तासात एकही मेसेज नाही, विमानात फोन बंद असतो हे कळतं मला, पण ऑफिसमधून कुणीतरी कळवायला हवं होतं. त्यांच्या हेल्पलाईनला मी फोन केला तर तुम्ही बुकिंग करणारे नाही म्हणून काही सांगता येणार नाही. ज्याच्या गालाचा तुकडा आहे त्याच्या घरच्यांना सांगायचं नाही तर कुणाला सांगायचं, मला हे अजून पटलेलं नाही. ट्रॅकिंगची लिंक दिली होती ती सकाळी एकदा उघडली मग नाही. आणि ह्या वेळीसुद्धा दोन्ही थर एकाच खोक्यात आले. नीट आले, पण एकाच खोक्यात. मी मॅडमना तिथेच सांगितलं.

खर्चाचं मला नीट सांगता येणार नाही, अभ्यासात असल्यामुळे पेशी वाढवणं आणि प्रवास आमच्या बिलात नव्हता, औषधं आणि तपासण्या होत्या.

पाचपैकी मी साडेचार देईन. अर्धा त्या हेल्पलाईनचा कापला. तुमच्या घरी असं काही ठरत असेल तर लॅबला आणि हॉस्पिटलला एवढं विचाराच: खोका कार्गोत जाणार की माणसाच्या हातात, किती डिग्रीत आणि किती तास चालतो, लॉगरचा आलेख ऑपरेशनच्या आधी कोण बघणार, खोक्यावरची सूचना हमालाला वाचता येईल अशा भाषेत आहे का, पाऊस पडला तर काय. डॉक्टरांना राग येत नाही विचारल्याचा, आमच्या मॅडम उलट म्हणाल्या की पहिल्याच वेळी विचारलं असतं तर बरं झालं असतं, आम्हीही विचारलं नव्हतं.

दादाचा उजवा डोळा आता बऱ्यापैकी स्थिर आहे. गालाच्या पेशी डोळ्याच्या कडेच्या पेशींइतक्या स्वच्छ काचेसारख्या होत नाहीत, थोड्या रक्तवाहिन्या परत चढल्यात, त्यामुळे पुढे कॉर्निया बदलायला लागेल असं मॅडमनी आधीच सांगून ठेवलंय. पण टोचणं आणि पाणी येणं थांबलं, आधी फक्त उजेड-अंधार कळायचा तिथे आता हाताची बोटं मोजतो, आणि समोर जवळ कोण बसलंय ते ओळखतो. डाव्या डोळ्यासाठीचा तुकडा गेल्या आठवड्यात गेला. ह्या वेळी लॅबने दोन थर दोन वेगळ्या खोक्यांत, दोन वेगळ्या विमानांनी पाठवायचं लेखी कबूल केलंय, माणसं पण दोन. तारीख आली की काय झालं ते इथेच खाली लिहीन.